बदलून बघू

पहाटे साडेतीनला दादाने चावी फिरवली आणि बॉनेटखालून एकच आवाज आला. टक्. पुढे काही नाही.

फेब्रुवारी २०२१ ची गोष्ट. पलूस तालुक्यातलं आमचं गाव नदीकाठचं, त्यामुळे पहाटेचा गारठा जरा जास्तच. पिकअपच्या हौद्यात ६० कॅरेट द्राक्षं रचलेली, वर ताडपत्री, दोऱ्या आवळून झालेल्या. सांगलीच्या फळ मार्केटातला सकाळचा सौदा गाठायचा होता. दादाने चावी मागे घेतली, थोडं थांबला, पुन्हा फिरवली. टक्. डॅशबोर्डवरचे दिवे नीट लागले होते. हॉर्न खणखणीत वाजत होता. हेडलाइटच्या उजेडात समोरच्या गोठ्यातली म्हैस डोळे मिचकावत उभी होती. सगळं जागं, फक्त इंजिन झोपलेलं.

ज्या घराची चूल गाडीवर पेटते त्या घराला हा ‘टक्’ कसा ऐकू येतो ते बाहेरच्याला सांगून कळणार नाही. घड वेलीवरून उतरला की त्याचा देठ तासातासाला सुकत जातो, आणि सुकलेल्या देठाच्या द्राक्षाला व्यापारी भाव पाडून मागतो. आई ओसरीवर पदर घट्ट लपेटून उभी होती. ती काही बोलली नाही. मी शेजारच्या तिघांना उठवलं, भरलेली गाडी ढकलत ग्रामपंचायतीपुढच्या उतारापर्यंत नेली, दादाने दुसरा गिअर टाकून क्लच सोडला. गाडीने एक आचका दिला, पांढऱ्या धुराचा लोट सोडला आणि ती सुरू झाली. सौदा मिळाला. पण दादाने मार्केट यार्डात पोचल्यावर तीन तास इंजिन बंदच केलं नाही. बंद केलं आणि परत सुरू झालं नाही तर? नुसत्या भीतीपायी तेवढं डिझेल जळलं.

त्याच दिवशी परतताना तो रस्त्यावरच्या एका गॅरेजात थांबला. तिथल्या माणसाने टर्मिनलला हात लावला, दोनदा चावी फिरवून बघितली आणि म्हणाला, “बॅटरी बदलून बघू.”

साडेसहा हजारांची नवी बॅटरी बसली. गाडी एका झटक्यात सुरू झाली. चार दिवस झाली, पाचव्या पहाटे पुन्हा टक्. आता सेल्फ, म्हणजे इंजिनला पहिले फेरे देणारी मोटर. “सेल्फ बदलून बघू, नाहीतर भरून घेऊ.” कार्बन ब्रश, बुश, आर्मेचरची घासाई असं सगळं मिळून साडेतीन हजार. त्यानंतर नऊ दिवस गाडी गुणी बाळासारखी वागली. दहाव्या दिवशी पहाटे टक्. तेव्हा त्या माणसाने इग्निशन स्विचकडे बोट दाखवलं.

‘बदलून बघू’ हे दोन शब्द मला तेव्हापासून टोचतात. आमच्या भागात मोटारीच्या पंपापासून फवारणीच्या ब्लोअरपर्यंत प्रत्येक बिघाडावर पहिलं औषध हेच. बदलायचा तो आणि बघायचं आपण, तेही आपल्या पैशाने. तो माणूस लबाड होता असं मी म्हणणार नाही. पार्ट बदलल्यावर गाडी खरंच सुरू होत होती, त्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. या बिघाडाची फसवणूक तिथेच होती. ती कशी, ते मला पुढे मिरजेत समजलं.

मिरजेतले ते वायरमन वयाने साठीच्या पुढचे. सगळे त्यांना मामा म्हणतात, आम्हीही म्हणालो. दुकान म्हणजे पत्र्याचं एक शेड, भिंतीवर खिळ्यांना टांगलेली वायरची वेटोळी, आणि फडक्यात गुंडाळून ठेवलेला एक मल्टीमीटर. इंडिकेटरच्या बल्बला दोन वायरी जोडून घरीच केलेला टेस्ट लॅम्प त्यांच्या खिशातच असायचा. त्यांनी आल्याआल्या बॉनेट उघडलं नाही. दादाला बाकावर बसवलं आणि विचारायला सुरुवात केली.

“कवा हुतंय? गार असताना का गरम?”

“गार असताना, मामा. पहाटंचं. एकदा चालली की दिवसभर लागती.”

“चावी मारताना लाइट मंद हुत्यात?”

“न्हाई. तशाच ऱ्हात्यात.”

“आवाज?”

“एकदाच. टक्.”

“बरं. आणि ह्याच्या आधी गाडीत काय येगळं वाटाय लागलं? सुरू हुण्याचं सोडून दुसरं काय बी.”

दादा विचारात पडला. “तसं काय न्हाई. अ‍ॅक्सिलरेटर जरा जड झालाय महिन्याभरापास्नं. केबलीत तेल सोडलं, पर फरक न्हाई.”

मामांनी मान वर केली. “आता उघडा बॉनेट,” म्हणाले.

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. विद्युतधारा, विभवांतर, रोध हे शब्द दरवर्षी फळ्यावर लिहितो. तरीही अ‍ॅक्सिलरेटरची केबल आणि सेल्फ यांचा एकमेकांशी काही संबंध असू शकतो हे त्या क्षणापर्यंत माझ्या मनात आलं नव्हतं. दादाच्याही आलं नव्हतं, आणि आधीच्या गॅरेजात तर कुणी विचारलंच नव्हतं.

आधी आवाजांबद्दल सांगतो, कारण मामांचं निम्मं निदान तिथेच होत होतं. आपण चावी फिरवतो तेव्हा चावीतून सेल्फचा मोठा करंट जात नाही. जातो तो लहानसा, सेल्फच्या पाठीवर बसलेल्या सोलेनॉइडपुरता. सोलेनॉइडमधला लोखंडी दट्ट्या त्याने ओढला जातो. दट्ट्या दोन कामं करतो: बेंडेक्सचं छोटं दातेरी चाक पुढे ढकलून इंजिनच्या मोठ्या चाकाच्या, फ्लायव्हीलच्या, दात्यांत अडकवतो, आणि आत तांब्याची जाड पट्टी टेकवून बॅटरीचा मोठा प्रवाह मोटरला देतो. आता चावी फिरवल्यावर टकटकटकटक अशी सुतारपक्ष्यासारखी माळ लागली तर बॅटरी उतरलेली असते किंवा तिचं टर्मिनल ढिलं असतं. दट्ट्या पट्टी टेकवतो, तेवढ्या ओझ्याने व्होल्टेज कोसळतं, दट्ट्या सुटतो, ओझं गेलं की व्होल्टेज परत येतं, परत ओढला जातो. एकच टणक टक् आला आणि पुढे शांतता, तर दट्ट्या हलला पण मोठा प्रवाह पोचला नाही. मग जळकी पट्टी, झिजलेले ब्रश, नाहीतर रस्त्यातली केबल. काहीच आवाज नाही, तर चावीपासून सोलेनॉइडपर्यंतची बारीक वायर, रिले, फ्यूज बघायचे.

आणि सेल्फ नीट फिरतोय पण इंजिन पकडत नाही, तर हे सगळं प्रकरण सोडून डिझेलकडे जायचं. तेव्हा सायलेन्सरकडे बघायचं. फिरवताना धूरच येत नसेल तर डिझेल पोचत नाही. लाइनीत हवा धरली असेल, फिल्टर चोंदला असेल, जुन्या पंपावरचा स्टॉप सोलेनॉइड उघडत नसेल. पांढरा धूर येत असेल तर डिझेल येतंय पण पेटत नाही. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून दाबून इतकी तापवायची की फवारलेलं डिझेल आपसूक पेट घेईल, हाच त्याचा धर्म. म्हणून त्याला नुसतं फिरून चालत नाही, जोरात फिरावं लागतं. पहाटे तेल घट्ट असतं, इंजिन जड असतं, आणि नेमकं तेव्हाच सेल्फला सर्वांत जास्त ताकद लागते. दिवसा चालणारी आमची गाडी पहाटे का अडत होती याचा अर्धा उलगडा इथे होतो.

मामांनी आधी बॅटरी मोजली. १२.६ व्होल्ट. भरलेली, निरोगी. “ही बदलली, व्हय?” त्यांनी विचारलं आणि दादाने मान डोलावल्यावर आणखी काही बोलले नाहीत. मग मला म्हणाले, “मास्तर, चावीवर बसा. सांगीन तवा मारा, सोडा म्हटलं की सोडा.” इंजिन तोवर कोमट होतं, त्यामुळे सेल्फ अगदीच अडला नाही. कण्हत कण्हत फिरला. उं… उं… उं. इंजिनने पकड घेऊ नये म्हणून त्यांनी डिझेल बंद ठेवलं होतं.

मीटरच्या सुया बॅटरीच्या दोन टोकांवर: ११.४. सेल्फच्या मोठ्या टर्मिनलवर आणि सेल्फच्या अंगावर: ७. म्हणजे बॅटरी ११.४ देतेय आणि सेल्फच्या पदरात ७ पडतायत. मधले ४.४ व्होल्ट कुठे गेले? त्यांनी एक सुई बॅटरीच्या प्लसला आणि दुसरी सेल्फच्या टर्मिनलला लावली: ०.४. ही बाजू ठीक. मग एक सुई बॅटरीच्या मायनसला आणि दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावली, मला म्हणाले, “मारा.” आकडा ४ वर गेला.

सात, चार, आणि पॉइंट चार. बेरीज अकरा पॉइंट चार. पै न पैचा हिशेब लागला होता. मी खिडकीतून वाकून तो आकडा बघितला आणि मला खरंच अंगावर काटा आला. जिथे चार व्होल्ट दिसले तिथे, जिला आपण नुसतं लोखंड समजतो त्या वाटेवर, जवळजवळ काहीच दिसायला नको होतं. चांगल्या गाडीत तिथे पाव व्होल्टसुद्धा दिसत नाही.

“अर्थ लागंना गाडीला,” मामा म्हणाले. वायरमन लोक अर्थिंगला नुसतं अर्थच म्हणतात.

करंट नुसता जाऊन भागत नाही, त्याला परतही यावं लागतं. बॅटरीच्या प्लसपासून सेल्फपर्यंत जाडजूड लाल केबल असते, ती सगळ्यांना दिसते. परतीच्या वाटेचा विचार कुणी करत नाही. सेल्फ इंजिनला कसलेला, इंजिन बसलेलं रबराच्या माउंटिंगवर, आणि रबरातून वीज जात नाही. म्हणजे इंजिन चॅसिसपासून, गाडीच्या सांगाड्यापासून, तसं तुटलेलंच असतं. त्या दोघांना जोडायला खाली एक छोटी केबल असते, हातभर लांबीची, एक टोक गिअरबॉक्सजवळ आणि दुसरं चॅसिसला. सेल्फने घेतलेला सगळा प्रवाह त्या हातभर वाटेनेच परततो. डिझेल पिकअपचा सेल्फ ओढताना दीडशे-दोनशे अँपिअर सहज खातो. दीडशे धरले आणि चार व्होल्टने गुणलं तर सहाशे वॅट होतात. छोट्या इस्त्रीएवढी आच त्या परतीच्या वाटेत, चावी फिरवल्याच्या प्रत्येक क्षणाला. आणि त्या वाटेचा रोध किती? चार भागिले दीडशे. एका ओहमचा पस्तिसावा भागसुद्धा नीट भरत नाही. टेस्ट लॅम्प लावला तर बल्ब झकास पेटेल, कारण बल्बला लागतो अर्धा-एक अँपिअर, आणि तेवढा कुजलेल्या तारेतूनही निघून येतो. हेडलाइट तर परततात बॉडीवरून, त्यांचा या केबलीशी संबंधच नाही. म्हणून ते मंद होत नव्हते. सगळं नीट दिसत होतं ते याच कारणाने.

आणि अ‍ॅक्सिलरेटर? वाट बंद झाली की करंट दुसरी वाट शोधतो. अ‍ॅक्सिलरेटरची केबल म्हणजे आत पोलादी तार, बाहेर पोलादी वेटोळं. एक टोक बॉडीला, एक इंजिनवरच्या पंपाला. सेल्फचा करंट तिथून परतू लागला होता. ती तार तापत होती, आतलं प्लॅस्टिकचं अस्तर मऊ होऊन तारेला चिकटत होतं. महिनाभर दादा म्हणत होता की पाय जड लागतोय. गाडी तिच्या परीने सांगत होती.

मामांनी मग जी गोष्ट केली ती मी विसरणार नाही. त्यांनी नवीन काहीही आणलं नाही. भिंतीवरची जम्प केबल काढली, तिचं एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं थेट इंजिनच्या एका बोल्टला चिमटवलं, आणि डिझेल चालू करून म्हणाले, “मारा.” मी चावी फिरवली. पहिल्या फेऱ्यात इंजिन सुरू झालं. इतक्या जोरात की मी दचकलो. “आता बंद करा.” केबल काढली. “मारा.” उं… उं. परत केबल लावली. लगेच सुरू. असं दोनदा करून दाखवलं, दादाला खात्री पटावी म्हणून. आणि त्यानंतरच पान्याला हात लावला.

आधी फरक दाखवायचा, मग पार्टाला हात लावायचा. पैसे नंतर. या क्रमात उलटापालट करायची सोय नाही. पार्ट बदलून गाडी सुरू झाली म्हणजे तोच पार्ट बिघडला होता असं होत नाही, हे आमच्या गाडीने दोनदा सिद्ध केलं होतं. नवी बॅटरी टाकली तेव्हा तिच्या ताज्या जोराने अडलेल्या वाटेतूनही पुरेसा करंट रेटून नेला. चार दिवस. सेल्फ काढला तेव्हा तर आणखीच. त्या अर्थच्या केबलीचं एक टोक सेल्फच्याच बोल्टखाली कसलेलं होतं. सेल्फ काढता-बसवताना ती केबल पिळली गेली, आतल्या तारा एकमेकींना नव्याने टेकल्या. नऊ दिवस. पार्ट बदलल्याचं श्रेय पार्टाला मिळालं आणि काम केलं होतं त्या धक्क्याने.

केबल बाहेर काढल्यावर वरून धड दिसत होती. काळं रबर, दोन्ही टोकांना लगज, म्हणजे बोल्टखाली बसणाऱ्या धातूच्या कड्या. मामांनी ब्लेडने रबर उभं चिरलं. आत तांब्याच्या तारा असायला हव्या होत्या. होती ती हिरवट-निळसर भुकटी, आणि तिच्यात काळ्या पडलेल्या पाच-सात तारा जेमतेम अंग धरून. भुकटी माझ्या तळहातावर सांडली. वितभर आतपर्यंत तेच. नवी केबल, दोन लगज आणि मजुरी धरून मामांनी साडेतीनशे रुपये घेतले. शिवाय अ‍ॅक्सिलरेटरची केबल बदलायला सांगितली, ती मात्र खरंच गेली होती. लगज बसवण्याआधी त्यांनी चॅसिसवरचा रंग पॉलिश पेपरने घासून लख्ख पांढरं लोखंड काढलं, बोल्ट आवळला आणि वरून ग्रीस चोपडलं. हे करण्याआधी बॅटरीची मायनस केबल सोडायची आणि शेवटी जोडायची, हेही दादाला दोनदा बजावलं. प्लस सोडताना पाना बॉडीला टेकला तर ठिणगीचा जाळ होतो.

कापलेली केबल मी घरी आणली. आईने हातात घेतली, बोटावर ती हिरवी भुकटी चोळली आणि म्हणाली, “कळकलंय की रं हे.”

कळकणं. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक राहिलं की ते कळकतं, हे ज्या घरात कल्हईवाल्याची वाट बघितली जायची तिथल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. तांबं आणि ओल एकत्र नांदली की हेच होतं. केबलीच्या चांगल्या लगजवरसुद्धा कथलाचा मुलामा असतो, तीही कल्हईच. आईला मीटर माहीत नाही, पण तिने एका शब्दात ते सांगितलं जे मला सांगायला फळा लागला असता.

मग तिनेच विचारलं, “पाण्यात हुती न्हवं का ही?”

ऑगस्ट २०१९. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोक्याची ४५. १९२९ साली खुल्या झालेल्या त्या पुलापाशी तेव्हा पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमच्या गावात दादाने गाडी शाळेच्या मैदानात, गावातल्या सर्वांत उंच जागी लावली होती. पाणी तिथेही आलं. पाच दिवस गाडीची चाकं आणि चॅसिस गढूळ पाण्यात होती. पूर ओसरल्यावर आम्ही इंजिनचं तेल बदललं, गिअरबॉक्सचं बदललं, डिफरन्शिअलचं बदललं, ब्रेक खोलून धुतले, सीट उन्हात टाकल्या. जे दिसलं ते सगळं स्वच्छ केलं. पण पाणी लगजच्या फटीतून रबराच्या आत शिरलं होतं आणि तारांच्या बारीक भेगांतून वर चढत गेलं होतं, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं. दीड वर्ष ते आत काम करत होतं.

पंचनाम्यात धान्य आलं, भांडी आली, पडकी भिंत आली. ही हातभर केबल कुणाच्या यादीत येणार? आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला अजून लोणा लागतो. रंग दिला की तीन महिन्यांत पोपडे येतात. पुढच्या घरातल्या काकूंच्या कपाटाचं दार फुगलं ते अजून पुरतं बसत नाही. नदी पात्रात परतली त्या दिवशी पूर संपला असं वर्तमानपत्रात छापून आलं, पण आमच्या गाडीत तो फेब्रुवारी २०२१ पर्यंत होता. जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा चढलं तेव्हा दादाने गाडी वेळेवर पलूसच्या बाजूला उंचावर हलवली. तरी परत आणल्यावर पहिल्यांदा तो टॉर्च घेऊन खालीच शिरला.

ती चिरलेली केबल आता शाळेत असते. विद्युतधारेचा धडा आला की मी ती बाकांवरून फिरवतो. पोरं भुकटीला बोट लावतात, वास घेतात. मग मी फळ्यावर सात, चार आणि पॉइंट चार लिहितो आणि विचारतो, मधले चार कुठे गेले. निम्म्या पोरांच्या घरी ट्रॅक्टर नाहीतर पिकअप आहे. त्या तासाला कुणी खिडकीबाहेर बघत नाही. एक मुलगी मागच्या वर्षी म्हणाली, “सर, आमच्या ट्रॅक्टरची बॅटरी तीनदा बदललीय.” मी तिला म्हटलं, वडिलांना विचार, ट्रॅक्टरच्या अर्थची केबल शेवटची कधी बघितली. दुसऱ्या दिवशी ती उत्तर घेऊन आली: कधीच नाही.

नव्या गाड्यांत गोष्टी वेगळ्या आहेत, हे मला मान्य आहे. कॉमन रेल इंजिन, सेन्सर, चावीतली चिप, स्कॅनर लावल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. पण व्होल्टेज पडलं की तेच सेन्सर भलतंसलतं बोलतात, आणि स्कॅनर ते प्रामाणिकपणे वाचून दाखवतो. मामा त्यावर म्हणाले होते, “आदी बॅटरी आन् अर्थ. मग कंप्युटर.” मिरजेच्या त्या शेडमध्ये नव्या गाड्याही येतात. फडक्यात गुंडाळलेला मीटर आधी निघतो.

गेल्या आठवड्यात पहाटे पाचला माझा फोन वाजला. गावातलाच एक पोरगा, भाजीची गाडी चालवतो. आवाजात तीच घाई. “सर, पिकअप सुरू हुईना. गॅरेजवाल्याला फोन केला तर म्हणतोय, येताना बॅटरीच घिऊन येतो, बदलून बघू. आणू दे का?”

“थांब,” मी म्हटलं. “हेडलाइट लाव. फोन बॉनेटजवळ कुणाच्या तरी हातात दे, आणि चावी फिरव.”

फोनमधून कुत्र्याचं भुंकणं आलं, दार आपटल्याचा आवाज आला. मग सुतारपक्ष्याची माळ. टकटकटकटकटक.

“लाइट काय म्हणाली?”

“पार विझत आली, सर.”

“बॉनेट उघड. मायनसचं टर्मिनल हाताने हलवून बघ. हलतंय का?”

थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही.

“हलतंय,” तो म्हणाला. “गरगर फिरतंय.”

“दहाचा पाना आहे का जवळ?”